३० दिवसांची मुदत, १६१ दिवसांची प्रतीक्षा: आमच्या टाउनशिपच्या पोलीस प्रमुखांना आणि कौन्सिलला खुले पत्र

दि. १६ जून २०२५

प्रति,
माननीय पोलीस प्रमुख, माननीय महापौर आणि टाउनशिप कौन्सिलचे सर्व सन्माननीय सदस्य यांस,

सादर नमस्कार.

एक पिस्तूल खरेदी करण्याचा परवाना आणि त्यासोबतचे शस्त्र-खरेदीदार ओळखपत्र यांसाठी मी ६ जानेवारी २०२५ रोजी आपल्या पोलीस खात्याकडे रीतसर अर्ज केला. न्यू जर्सी राज्याच्या फौजदारी संहितेतील कलम २सी:५८-३ असे सांगते की, राज्यातील रहिवाशाचा अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत, आणि परराज्यातील अर्जदाराच्या बाबतीत ४५ दिवसांच्या आत, परवाना दिला गेला पाहिजे, अर्थात अर्जदार कायद्याने अपात्र ठरत नसेल तर. माझी मुदत ५ फेब्रुवारीला संपली. आज १६१ वा दिवस आहे. अर्ज मंजूर झालेला नाही, नामंजूरही झालेला नाही, आणि तो का अडला आहे हे मला आजवर कोणीही लेखी कळवलेले नाही.

या पत्राची इंग्रजी प्रत मी आज सकाळी टाउनशिप क्लार्कच्या (गावाच्या कारभाराचे दप्तर सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या) कार्यालयात पोच घेऊन दिली आहे. तेच पत्र मराठीतून जाहीरपणे मांडण्याचे कारण असे की, आपल्या टाउनशिपमध्ये मराठी घरे पुष्कळ आहेत, त्यांतील काहींनी हाच अर्ज केला आहे, आणि जवळजवळ प्रत्येकाला असे वाटते की उशीर फक्त आपलाच होत आहे, आपल्याच कागदांत काहीतरी खोट असावी. बाहेरून या देशात आलेल्या माणसाच्या मनात सरकारी खिडकीपुढे एक संकोच असतो. तो विचारत नाही, वाट पाहत राहतो. मीही पहिले तीन महिने, एक फोन आणि दोन ई-मेल सोडले तर, तेच केले. आता मात्र ही बाब माझ्या एकटीच्या अर्जापुरती राहिलेली नाही, अशी माझी खात्री झाली आहे.

मी औषधनिर्माती आहे, एका रुग्णालयात काम करते आणि महिन्यातून दहा-बारा वेळा मला रात्रपाळी असते. माझ्यासोबत माझी ७८ वर्षांची आई राहते. गेल्या वर्षी १८ ऑक्टोबरच्या रात्री, मी कामावर असताना, दोन माणसे मागच्या दाराची काच फोडून घरात शिरली. आई वरच्या खोलीत होती. खालून आवाज येऊ लागताच तिने दिवा मालवला, कपड्यांच्या कपाटात शिरून दार ओढून घेतले आणि तिथूनच पुटपुटत मला फोन केला. मी पोलिसांना कळवले. आपले अधिकारी काही मिनिटांत पोहोचले. त्यांच्यातील एकाने आईचा हात धरून तिला जिन्यावरून खाली आणले आणि मी घरी येईपर्यंत तो तिच्याजवळ बसून राहिला. त्याबद्दल मी आपल्या खात्याची ऋणी आहे आणि हे मी आपणास पूर्वीही लिहून कळवले होते. चोर मात्र तोवर पसार झाले होते. आईच्या पाटल्या आणि मोहनमाळ गेली. त्याचे दुःख ओसरले. ओसरली नाही ती आईची झोप. तेव्हापासून ती वरच्या मजल्यावर झोपत नाही, बैठकीत सोफ्यावर पडते, आणि मी रात्रपाळीला निघाले की दाराशी येऊन तीनदा विचारते की कुलूप नीट लागले ना.

भारतीय घरांत सोने असते ही गोष्ट चोरांना ठाऊक असते, आणि ही केवळ आमची धास्ती नव्हे. अनेक राज्यांत भारतीय आणि आशियाई वंशाच्या कुटुंबांची घरे हेरून, आत शिरून, माणसांना धाक दाखवून लुटणाऱ्या एका टोळीवर डेट्रॉइटच्या संघीय न्यायालयात खटला चालला होता व तिच्या सूत्रधारास दीर्घ शिक्षा झाली होती.

पिस्तूल घेण्याचा निर्णय मी घाईने घेतलेला नाही. माझ्या मुलाला तो आजही पटलेला नाही, आणि त्याचे आक्षेप मी आदराने ऐकले आहेत. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू आत्महत्येचे असतात हे त्याने मला सांगितले, आणि ते खरे आहे. म्हणूनच मी आधी सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण घेतले, आधी बोटाच्या ठशाने उघडणारी पोलादी पेटी आणून भिंतीत बसवली, आणि त्यानंतर अर्ज केला. पिस्तूल अंगावर बाळगून बाहेर फिरण्याचा परवाना मी मागितलेला नाही. मला ते माझ्या घरात, कुलपात ठेवायचे आहे.

अर्जदाराची शहानिशा कठोर असावी, असे माझे स्पष्ट मत आहे. राज्य पोलिसांच्या संगणकीय प्रणालीतून अर्ज भरावा लागतो, आपल्या खात्याचा विशिष्ट क्रमांक त्यात नोंदवावा लागतो, बोटांचे ठसे द्यावे लागतात, मानसिक आरोग्याच्या नोंदी तपासण्यास लेखी संमती द्यावी लागते, कौटुंबिक हिंसेच्या नोंदवहीत नाव आहे का हे पाहिले जाते आणि आपल्याला ओळखणाऱ्या दोन व्यक्तींची नावे द्यावी लागतात, ज्यांना प्रश्नावली पाठवली जाते. एवढे सगळे पार पडून परवाना मिळाला तरी दुकानदार शस्त्र हाती देण्यापूर्वी संघीय नोंदींतून पुन्हा एकदा तपासणी होते. ही राष्ट्रीय पद्धत १९९८ पासून अस्तित्वात आहे. यांतील एकही पायरी गाळावी असे मी म्हणत नाही. २०२२ च्या डिसेंबरमध्ये राज्याच्या विधिमंडळाने याच कलमात बदल करून पात्रतेच्या अटी अधिक कडक केल्या, शुल्क वाढवले, पण ३० दिवसांच्या मुदतीला हात लावला नाही. याचा अर्थ मी असा घेते की, कायदा करणाऱ्यांच्या मते कठोर तपासणी आणि ३० दिवस या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात. माझी तक्रार तपासणीविषयी नाही, तपासणीच्या नावाखाली चाललेल्या दप्तरदिरंगाईविषयी आहे.

माझी पहिली आणि सर्वांत गंभीर तक्रार ही की, आपले खाते अर्जाला ‘नाही’ सुद्धा म्हणत नाही. नकार दिला तर कायद्याने अर्जदाराला एक मार्ग ठेवला आहे: नकार मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत आपल्या काउंटीच्या (जिल्ह्याच्या) सुपीरियर कोर्टाकडे लेखी सुनावणी मागता येते, आणि ती सुनावणीही ठरावीक मुदतीत व्हावी असे तेच कलम सांगते. १९७२ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने असेही म्हटले होते की, पोलीस प्रमुखांना एखाद्या अर्जदाराविषयी काही प्रतिकूल आढळले, तर त्याविषयी बोलण्याची, आपली बाजू सांगण्याची संधी त्याला मिळाली पाहिजे. म्हणजे चुकीच्या नकारावर उपाय आहे. पण उत्तरच न देण्यावर सामान्य माणसाने काय उपाय करावा? सुनावणी मागावी तर नकाराचा कागद हवा, आणि तो तर मिळतच नाही. वकील लावून स्वतंत्र दावा दाखल करणे हा एकच मार्ग उरतो, आणि एका परवान्यासाठी हजारो डॉलर खर्च करणे माझ्यासारख्या बहुतेकांना शक्य नाही. मौन बाळगल्याने खाते न्यायालयीन तपासणीच्या बाहेर राहते, आणि अर्जदार मात्र अधांतरी लोंबकळत राहतो. हे जाणूनबुजून होते आहे असा आरोप मी करत नाही. परिणाम मात्र तोच आहे.

दुसरी तक्रार संपर्काविषयी. माझे ठसे १४ जानेवारीला देऊन झाले. माझ्या दोन्ही संदर्भदात्यांनी, एक सहकारी आणि एक शेजारीण, प्रश्नावली मिळाल्यापासून चार दिवसांत उत्तरे पाठवली. १० फेब्रुवारीला, म्हणजे मुदत उलटून पाच दिवस झाल्यावर, मी दूरध्वनी केला तेव्हा ‘प्रक्रियेत आहे’ एवढेच सांगण्यात आले. त्यानंतरच्या दोन ई-मेलना उत्तर आले नाही. ८ एप्रिलला रजा घेऊन मी स्वतः नोंदणी कक्षाच्या खिडकीशी गेले, तेव्हा कळले की हे काम पाहणारे अधिकारी एकच आहेत आणि ते रजेवर आहेत. आणि तिथल्या कर्मचाऱ्याने संगणकात पाहून सहज सांगितले की, माझ्या नावात काही तफावत दिसते. ती तफावत अशी: लग्नानंतर आमच्याकडे बाईच्या मधल्या नावाच्या जागी नवऱ्याचे नाव येते. माझ्या नागरिकत्वाच्या दाखल्यावर ते आहे, वाहन परवान्यावर त्याचे केवळ आद्याक्षर आहे आणि एका जुन्या नोंदीत माहेरचे नाव आहे. मराठी, गुजराती, तेलुगू अशा कितीतरी घरांतील स्त्रियांच्या कागदपत्रांत हे असतेच. मी त्याच दिवशी, त्याच खिडकीवर, विवाहाचा दाखला आणि नावबदलाचे कागद दाखवले. कर्मचाऱ्याने त्यांच्या प्रती काढून घेतल्या. पाच मिनिटांचे काम होते. ते जानेवारीत एका ई-मेलने झाले असते. मी विचारायला गेले नसते तर आजही ते मला कळले नसते, आणि ते निस्तरल्यानंतरही आता दोन महिन्यांहून अधिक काळ लोटला आहे.

यालाच जोडून तिसरी बाब. ३ मार्चला, जेव्हा कायद्याची मुदत संपून महिना होत आला होता, तेव्हा मला माझ्या नोकरीच्या ठिकाणाहून ‘चांगल्या वर्तणुकीचे पत्र’ आणण्यास फोनवरून सांगण्यात आले. मी ते ५ मार्चला पाठवले, कारण वाद घालून अर्ज आणखी मागे पडेल अशी भीती मला वाटली. परंतु त्याच कलमात असे स्पष्ट लिहिले आहे की, कायद्यात नमूद केलेल्या अटींखेरीज कोणतीही वेगळी अट किंवा आवश्यकता अर्जाला जोडता येणार नाही. नोकरीच्या ठिकाणचे पत्र त्या अटींत नाही. माझ्या वरिष्ठांना मी पिस्तूल घेत आहे हे कळावे अशी माझी इच्छा नव्हती. तो माझ्या घराच्या सुरक्षेचा खाजगी प्रश्न होता. ते पत्र मागितल्यामुळे तो चहाच्या सुट्टीतल्या गप्पांचा विषय झाला.

चौथी गोष्ट मुदतींच्या असमानतेची आहे, आणि ती मला विशेष अन्यायाची वाटते. एकदा परवाना मिळाला की तो ९० दिवसच चालतो. सबळ कारण दाखवल्यास आणखी ९० दिवस वाढवून मिळू शकतो, पण ती वाढ मागावी लागते आणि ती देणारेही आपलेच खाते. आपल्या टाउनशिपमधील माझ्या परिचयाच्या एका निवृत्त गृहस्थांचा परवाना चार महिन्यांच्या प्रतीक्षेनंतर आला. नेमके त्याच आठवड्यात भारतात त्यांच्या मातोश्री वारल्या. क्रियाकर्म, जमिनीचे कागद, धाकट्या भावाचे आजारपण यांत त्यांना तिकडे सव्वातीन महिने लागले. परत आले तेव्हा परवाना संपलेला होता, मुदतवाढीचा अर्ज वेळेत आला नव्हता असे सांगून त्यांना पहिल्यापासून सर्व करावे लागले, पुन्हा शुल्क भरून. त्यांच्या आठ-दहा दिवसांच्या उशिराला माफी मिळाली नाही. खात्याच्या तीन महिन्यांच्या उशिराविषयी त्यांना कोणी साधी दिलगिरीही कळवली नाही. नागरिकाला लागू असलेली तारीख पक्की आणि कार्यालयाला लागू असलेली तारीख सैल, असे कायद्यात कुठेही लिहिलेले नाही.

पाचवी तक्रार आकड्यांची. आपल्या टाउनशिपमध्ये एकूण किती अर्ज प्रलंबित आहेत, सरासरी किती दिवस लागतात, हे जाणून घेण्यासाठी मी १२ मे रोजी राज्याच्या सार्वजनिक अभिलेख कायद्यानुसार विनंती केली. कोणाचेही नाव मागितले नव्हते; अशा अर्जदारांची नावे गोपनीय असतात आणि असावीत. अशा विनंतीला साधारणपणे कामकाजाच्या सात दिवसांत उत्तर द्यावे लागते, ते मला वेळेत मिळाले, त्याबद्दल टाउनशिप क्लार्कचे आभार. उत्तर असे होते की अशी आकडेवारी संकलित केली जात नाही. ज्या कामाची मुदत कायद्याने ठरवली आहे त्या कामाला किती वेळ लागतो हे जर मोजलेच जात नसेल, तर मुदत पाळली जाते की नाही हे आपणास तरी कसे कळणार?

आता आपल्या बाजूने जे सांगितले जाईल त्याचा मी प्रामाणिकपणे विचार केला आहे.

कामाचा भार वाढला आहे, हे मला मान्य आहे. २३ जून २०२२ रोजी संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कच्या प्रकरणात, ज्याला सर्वजण ब्रुएन खटला म्हणून ओळखतात, घराबाहेर पिस्तूल बाळगण्याचा नागरिकांचा हक्क मान्य करणारा निकाल दिला, आणि दुसऱ्याच दिवशी आपल्या राज्याच्या महाधिवक्त्यांनी शस्त्र बाळगून फिरण्याच्या परवान्यासाठी ‘सबळ गरज’ सिद्ध करण्याची जुनी अट यापुढे लावू नये, असे कळवले. त्यानंतर त्या प्रकारच्या अर्जांची रीघ लागली, आणि तेही अर्ज त्याच टेबलावर येतात ज्यावर माझा अर्ज पडून आहे. परंतु त्याच वर्षीच्या कायद्याने शुल्कही वाढले. पिस्तूल खरेदीच्या परवान्याचे शुल्क दोन डॉलरवरून २५ डॉलर झाले, ओळखपत्राचे पाच डॉलरवरून ५० डॉलर. शस्त्र बाळगण्याच्या परवान्याचे शुल्क २०० डॉलर आहे, त्यातील १५० डॉलर टाउनशिपकडे राहतात. माझ्याकडून घेतलेले ७५ डॉलरही टाउनशिपच्याच तिजोरीत आहेत. काम वाढले तसे त्या कामापोटी येणारे पैसेही वाढले आहेत. मग ते काम करणारा माणूस एकच का, आणि तो रजेवर गेल्यावर सगळे अर्ज थांबतात हे कौन्सिलला ठाऊक आहे का?

शिवाय भार फक्त आपल्यावर आलेला नाही. माझी एक सहकारी शेजारच्या टाउनशिपमध्ये राहते. तिने माझ्यानंतर अर्ज केला आणि तिला २६ व्या दिवशी परवाना मिळाला. तीच राज्य पोलिसांची प्रणाली, तोच कायदा, तीच काउंटी. आमच्या दोघींच्या घरांमध्ये एक रस्ता आणि रेल्वेचे रूळ आहेत. राज्याच्या कायद्याने दिलेला हक्क रुळांच्या कोणत्या बाजूला घर आहे यावर ठरू लागला, तर तो राज्याचा कायदा कसा म्हणावा?

उशीर झाला तर काय बिघडले, उलट रागाच्या भरात शस्त्र घेणाऱ्याचे डोके थंड होईल, असेही काही सज्जन माणसे म्हणतात. माझ्या मुलाचेही तेच म्हणणे होते. हा विचार टाकाऊ नाही. पण विधिमंडळाने तो आधीच केलेला आहे: अर्ज केल्यापासून किमान सात दिवस उलटल्याशिवाय पिस्तूल हाती देऊ नये, असे कायद्यातच आहे. डोके थंड होण्यासाठी किती दिवस हवेत आणि तपासणीसाठी जास्तीत जास्त किती, हे लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाने ठरवले. त्यात भर घालायची असेल तर ती राज्याच्या राजधानीत, ट्रेंटनमध्ये, उघड चर्चेने घालावी. नोंदणी कक्षाच्या खिडकीमागे ती गुपचूप घातली जाऊ नये.

उशिराची किंमत कधी कधी मोजता येत नाही, हे आपल्या राज्याने पाहिले आहे. २०१५ च्या जूनमध्ये दक्षिण जर्सीतील बर्लिन टाउनशिपमध्ये एका स्त्रीची तिच्या पूर्वीच्या जोडीदाराने तिच्या घराच्या अंगणातच हत्या केली. तिने न्यायालयाकडून संरक्षणाचा आदेश मिळवला होता, घराला कॅमेरे बसवले होते आणि पिस्तुलासाठी अर्जही केला होता. अर्ज करून ४० हून अधिक दिवस झाले होते, आणि तो निकाली निघालेला नव्हता. परवाना वेळेत मिळाला असता तर ती वाचली असती, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. ते कोणालाच सांगता येणार नाही. पण ज्या दिवशी तिच्यावर वार झाले त्या दिवशी कायद्याने दिलेली मुदत संपलेली होती, एवढे निर्विवाद आहे. त्या घटनेनंतर तत्कालीन गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी राज्याच्या शस्त्र कायद्यांचा आढावा घेण्यासाठी समिती नेमली. दहा वर्षे झाली. आज आपल्या टाउनशिपमध्ये जर एखादी स्त्री संरक्षणाचा आदेश हाती घेऊन अर्ज करील, तर तिचा अर्ज माझ्या अर्जाच्या ढिगाऱ्यातच जाईल की वेगळा काढला जाईल? मी खिडकीवर हा प्रश्न विचारला होता. उत्तर मिळाले नाही. माझ्या अर्जाच्या आधी तिचा अर्ज घेतला गेला तर माझी यत्किंचितही हरकत नाही. माझी आई निदान आज सुरक्षित आहे.

ब्रुएन निकालात शस्त्र बाळगण्याच्या परवान्यांविषयी बोलताना न्यायालयाने एका तळटीपेत म्हटले आहे की, परवाना पद्धत मुळात वैध असली तरी अर्जांवरील दीर्घ विलंबामुळे किंवा अवाजवी शुल्कामुळे सामान्य नागरिकाचा हक्क प्रत्यक्षात हिरावला जात असेल, तर तिला आव्हान देण्याचा मार्ग बंद झालेला नाही. न्यायालयात जाण्याची माझी इच्छा नाही. आपल्याच टाउनशिपच्या तिजोरीतून वकिलांची बिले भरली जावीत यात कोणाचेच हित नाही. म्हणून मी पुढील मागण्या थेट आपल्यापुढे ठेवत आहे.

माझ्या अर्जावर, आणि ज्यांची ३० दिवसांची मुदत उलटून गेली आहे अशा प्रत्येक अर्जावर, येत्या १५ जुलैपर्यंत निर्णय द्यावा. निर्णय नकाराचा असेल तर तो कारणांसह लेखी द्यावा, म्हणजे अर्जदाराला सुनावणी मागता येईल.

यापुढे एखाद्या अर्जात त्रुटी आढळली, नाव जुळत नसेल, संदर्भदात्याचे उत्तर आले नसेल, काउंटीकडून मानसिक आरोग्याच्या नोंदींचे उत्तर यायचे असेल, तर ते अर्जदाराला त्याच आठवड्यात ई-मेलने कळवावे. नावांतील तफावतीसाठी विवाहाचा दाखला किंवा नावबदलाचा कागद सुरुवातीलाच जोडता येईल, अशी सूचना टाउनशिपच्या संकेतस्थळावर स्पष्ट लिहावी. एवढ्याने कितीतरी अर्ज अडण्यापासून वाचतील.

कायद्यात नसलेली कागदपत्रे मागणे त्वरित थांबवावे, आणि माझे नोकरीच्या ठिकाणचे पत्र माझ्या अर्जाच्या कागदांतून काढून मला परत करावे.

या कामासाठी किमान आणखी एका कर्मचाऱ्याला प्रशिक्षण द्यावे, जेणेकरून एका व्यक्तीच्या रजेमुळे सर्वांचे अर्ज थांबणार नाहीत. परवान्यांच्या शुल्कातून टाउनशिपला किती रक्कम मिळते आणि ती कुठे खर्च होते, हे कौन्सिलने अंदाजपत्रकात वेगळे दाखवावे.

दर महिन्याला किती अर्ज आले, किती निकाली निघाले, किती ३० दिवसांहून जुने आहेत आणि सरासरी किती दिवस लागले, हे चार आकडे, कोणाचेही नाव न देता, प्रसिद्ध करावेत.

ज्यांच्याकडे न्यायालयाचा संरक्षण आदेश आहे किंवा ज्यांच्या जिवाला असलेला धोका आपल्याच खात्यात नोंदवलेला आहे, त्यांचे अर्ज सर्वांच्या आधी घेतले जातील असा लेखी नियम पोलीस प्रमुखांनी काढावा. आणि खात्याच्या विलंबामुळे ज्यांना प्रतीक्षा करावी लागली त्यांनी परवान्याची ९० दिवसांची मुदत वाढवून मागितल्यास, कायद्याने जेवढी वाढ देता येते तेवढी विनाअडथळा द्यावी.

कौन्सिलच्या पुढील जाहीर सभेत नागरिकांना बोलण्यासाठी जो वेळ असतो, त्यात मी हेच मुद्दे मांडण्यासाठी नाव नोंदवले आहे. त्या दिवशी मला रात्रीची पाळी आहे. मी सभेहून थेट कामावर जाईन आणि आईजवळ शेजारीण थांबेल. सभेपूर्वी पोलीस प्रमुखांनी मला भेटीसाठी बोलावले तर मी सर्व मूळ कागद घेऊन येईन, आणि त्या भेटीत माझ्या अर्जाविषयी जे विचारायचे असेल त्याचे उत्तर देईन. ज्या वाचकांचा अर्ज याच टाउनशिपमध्ये अडलेला आहे त्यांनी आपली अर्जाची तारीख आणि आजपर्यंतचे दिवस एवढेच एका कागदावर लिहून, नाव न घालता, सभेपूर्वी टाउनशिप क्लार्ककडे द्यावे, अशी विनंती. जी आकडेवारी खात्याकडे नाही, ती निदान तेवढ्या कागदांवरून कौन्सिलच्या समोर येईल.

आपली नम्र,
आपल्याच टाउनशिपची एक रहिवासी आणि करदाती